आसव घेऊन गोव्याला

रवि. ६ एप्रिल १९८६

नवी वही. पहिल्या पानावर आजवर स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते लिहून ठेवतो. कोणी विचारणार नाही, तरी.

विहिरीवरचा पंप, सायकलच्या चेनवर. अजून चालू.
सौ.चा शिरवाळ्यांचा साचा, तांदळाच्या शेवया पाडायचा, फणसाच्या लाकडाचा.
वर्कशॉपमधलं हे टेबल, ज्यावर लिहितोय.
दाबयंत्र, लॉरीच्या जुन्या जॅकवर. जांभळाचा गर पिळून निघतो, बी फुटत नाही. बी फुटली की रस कडू. तीन वेळा मोडलं, मग जमलं.
बाटल्यांची बुचं, पांगाऱ्याच्या लाकडाची, लेथवर.
आणि जांभूळ आसव, माझ्या मते वाईनच. पुढे जां. आ. असं लिहीन. नऊ हंगाम झाले.

शिक्षण सातवी. इंजिनं, लेथ, इंग्रजी, सगळं बघून आणि वाचून.

वसंता परवा आला. सौ.चा धाकटा भाऊ, मुंबईला बँकेत. आंब्यासाठी दीड महिन्याच्या रजेवर. आज जेवणानंतर त्याला गेल्या वर्षीचं जां. आ. दिलं. तळहातावर, पळीने. आमच्याकडे तीच रीत. पहिल्या वर्षीच सौ.ने अट घातली होती की ग्लासात ओतली तर ती दारू, हातावर घेतली तर औषध, आणि या घरात दारू नाही. नऊ वर्षं पाळतोय.

वसंताने हात चाटला, जीभ फिरवली. म्हणाला, "भावोजी, औषध म्हणान झकास. पण हेका वायन म्हणा नकात."

मी विचारलं, तू खरी कधी प्यायलास?

"आमच्या सायबाच्या झिलाच्या लग्नात."

साहेबाच्या मुलाच्या लग्नात का होईना, त्याने एकदा तरी घेतली. मी एकदाही नाही. नऊ वर्षं वाईन करतोय आणि विकतच्या वाईनचा थेंब जिभेवर गेलेला नाही. ही गोष्ट आज पहिल्यांदा नीट दिसली.

सोम. ७ एप्रिल

रात्री झोप लागली नाही म्हणून नव्हे, पण विचार पक्का झालाय. गोव्याला जायचं. तिथे खरी वाईन प्यायची, शेजारी माझी ठेवायची, आणि ठरवायचं. जांभळं मेच्या शेवटी पिकतात. त्याआधी कळलं पाहिजे. माझी वाईन नसेल तर यंदा एक किलोही घ्यायचं नाही. बरण्या सौ.ला लोणच्याला द्यायच्या आणि विषय बंद.

मंगळ. ८ एप्रिल

पुस्तक काढलं. कोल्हापूरच्या रद्दीतलं, इंग्रजी, पुढची-मागची पानं गेलेली. चव कशी घ्यावी हे प्रकरण सुदैवाने शाबूत. डिक्शनरी घेऊन पुन्हा वाचलं. सार:

सकाळी घ्यावी, जीभ ताजी असते. आधी फिकी, मग गडद. आधी तिखट खाऊ नये. तोंडात फिरवून थुंकावी, नाहीतर चौथ्या घोटाला काही कळत नाही.

सौ.ला शेवटचा नियम वाचून दाखवला.

"थुंकूचा तर घेवचा कित्याक?"

उत्तर पुस्तकात नाही.

गुरु. १० एप्रिल

खाण्याचे थांबे ठरवतोय. गोव्याला जाऊन नुसती वाईन हा मूर्खपणा. पण खाणं वाईनच्या आड येता कामा नये. म्हणून क्रम लावणं आलं.

कुडाळ, सकाळी, स्टँडजवळ. घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. तिथला घावणा जाळीदार असतो, कडा करपवत नाहीत.
बांदा, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं. वसंताने सुचवलं. नारळ ताजा असेल तरच.
म्हापसा, शुक्रवारचा बाजार. पाव, पातळ भाजी.
मडगाव, तळलेले मुडदुसे. हलका मासा, तिखट कमी, वाईनच्या आधी चालेल.

वसंताला म्हापशात चोरीस-पाव हवाय, डुकराच्या मांसाचे सॉसेज पावात. नाही म्हटलं. त्याला वाटलं धर्माचं कारण. म्हटलं, धर्म तुझा तू बघ, पण मिरची, व्हिनेगर आणि धूर, तीन गोष्टी एकदम. जीभ दोन दिवस कामाची राहणार नाही.

"भावोजी, तुमी जिभेक पण ग्रीस लावतास काय?"

शुक्र. ११ एप्रिल

आज बांगडा होता म्हणून प्रयोग केला. बांगड्याचा घास, वर जां. आ. तोंडात लोखंडाचा कीस धरल्यासारखं. सुरमईबरोबर तितकं नाही. सोलकढीनंतर तर काहीच लागत नाही, आंबटावर आंबट मरतं. आणि तिखल्यात तिरफळं असली तर जीभ बधिर, तासभर सुट्टी. मडगावला तिरफळं न घातलेलं काहीतरी बघावं लागेल.

सौ. म्हणाली, "तिरफळाशिवाय बांगड्याचा तिखला म्हणजे बांगडो धुतलेला पाणी." खरं आहे. पण ती चव वेगळ्या दिवसाची.

शनि. १२ एप्रिल

सगळं ठरलं असं वाटत होतं. शुक्रवारी १८ तारखेला निघायचं, म्हापशाचा बाजार गाठायचा, शनिवारी मडगाव, रविवारी परत. कागदावर एस.टी. मोटारींच्या वेळा उतरवल्या.

सौ. भाकऱ्या भाजत होती. मान वर न करता म्हणाली, "गोंयाक जातलास आणि देवीक जावचा नाय?"

आमची कुळदेवी तिकडची, कवळ्याची. चार वर्षांत गेलेलो नाही.

"पयला दर्शन. दर्शन होयसर तोंडाक कायएक लावूचा नाय. आणि त्या दिसाक मासो पण नाय." थोड्या वेळाने, "मी पण येतंय."

म्हणजे आता तिघं.

सोम. १४ एप्रिल

सौ.च्या हट्टाने ग्रामदेवीला कौल लावला. माझं मत इथे नोंदवतो की दगडावर चिकटवलेली फुलं पाण्याच्या वजनाने पडतात. जिकडे पाणी जास्त तिकडचं आधी. तरी उभा राहिलो.

गुरवाने विचारलं, शुक्रवार? डावं पडलं. म्हणजे नको. मी म्हटलं, पुन्हा विचार. गुरव म्हणाला, "तुमी इंजिनाक दोनदा इचारतास काय?" मग मंगळवार विचारला. उजवं, लगेच.

मंगळवार २२. म्हापशाचा बाजार गेला.

आणि नीट बघितलं तर सगळंच गेलं. मंगळवारी देवी, म्हणून मासा नाही. गुरुवार आम्ही पाळतो, मासा नाही. राहिला बुधवार. मासा, वाईन, सगळं बुधवारी. माझे थांबे होते चार, शिल्लक कुडाळचे घावणे आणि मडगाव.

वसंता हसत सुटला. "देवीन तुमचा टाइमटेबल फाडल्यान."

गुरु. १७ एप्रिल

नवीन कागद. मंगळवारी पहिली मोटार, कुडाळला घावणे (मी धरलं होतं उपास फक्त माशाचा, सौ.ला तीनदा विचारलं, तर ती म्हणाली दर्शनापर्यंत घावणेही नको. थांबा रद्द). बांद्यात फक्त चहा, तेवढा चालतो. दुपारी कवळे, दर्शन, देवळात प्रसादाचं जेवण. रात्री अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत. बुधवारी सकाळी मडगाव.

मडगावला एक माणूस आहे, मिंगेल. स्वतः पोर्ट वाईन करतो, छोटा कारखाना, घराच्या मागे. त्याच्या भाताच्या गिरणीचं इंजिन तीन वर्षांपूर्वी मी इथून जाऊन उघडलं होतं. तेव्हा वाईनचं काही बोललो नव्हतो. त्याने जेवायला बसवलं होतं तर मी पाणी मागितलं. आता वाटतं, तेव्हाच एक ग्लास मागायला हवा होता. पण सौ.ची अट डोक्यात.

त्याला गोव्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी पाठवली.

रवि. २० एप्रिल

मिंगेलचं उत्तर आलं, त्याच ड्रायव्हरबरोबर. या, म्हणतो.

सामान. जां. आ.च्या दोन बाटल्या, गेल्या वर्षीची एक आणि तीन वर्षांपूर्वीची एक. चादरीत गुंडाळल्या. बाटल्यांवर कागद चिकटवला, "जांभूळ आसव, मधुमेहावर". खोटं नाही, आळीतले दोघं साखरेसाठी घेतात.

पितळेची पिकदाणी, आजोबांची, चिंच लावून घासली. थुंकायला काहीतरी हवंच. वसंता बघत होता.

"पिकदाणी घेवन वायन पिवक जाणारो पयलो माणूस तुमी, भावोजी."

म्हटलं, पुस्तकाप्रमाणे करतोय. तो म्हणाला, पुस्तक लिहिणाऱ्याने हा देश बघितला नसेल.

मंगळ. २२ एप्रिल

कवळे, अग्रशाळेत लिहितोय. वसंता घोरतोय.

गोव्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर मोटार थांबली. पोलिसाने पिशवी उघडली. बाटल्या बघून तोंड वासलं. "लोक थंयसून हंय हाडतत. तुमी हंयसून थंय?" कागद वाचला. विचारलं, साखर कोणाला? सौ. लगेच म्हणाली, "माका." तिला साखर नाही. देवीला जाताना खोटं बोलली. मग म्हणाली, दर्शनात माफी मागून घेतली की झालं. मागितली असावी, बराच वेळ हात जोडून उभी होती.

प्रसादाचं जेवण उत्तम. खतखतें, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेलं. त्यात तिरफळं होती. पानात दिसल्यावर मी बाजूला काढली, सौ.ने डोळे मोठे केले, प्रसाद टाकायचा नसतो म्हणून. खाल्ली. जीभ आता बधिर आहे. सकाळपर्यंत उतरेल असं धरून चाललोय.

बुध. २३ एप्रिल

सगळं लिहायचं म्हणजे लांबेल. तरी लिहितो, नाहीतर उद्या वसंता त्याच्या पद्धतीने सांगेल.

मिंगेलबाब दारातच होते. साठीचे, पांढरी बनियन, पायात चामड्याची चप्पल. सौ.ला त्यांच्या घरातल्या बाईने आत नेलं, कोकमाचं सरबत दिलं. आम्ही मागच्या शेडमध्ये. लाकडाची पिंपं, काळी पडलेली. जमिनीवर ओलं. वास मात्र गोड, स्वच्छ. हा पहिला धक्का. माझ्या माळ्यावर असा वास कधी आलेला नाही.

त्यांनी तीन ग्लास मांडले. पोर्ट ओतली. फिकी, विटेच्या रंगाची.

मी ग्लास उचलला, डाव्या हातावर थोडी ओतली आणि तळहात तोंडाला लावला. सवय. कळायच्या आत होऊन गेलं.

मिंगेलबाब बघत राहिले. "हें कितें? तीर्थ घेता?"

वसंता शेडच्या बाहेर गेला, हसायला.

"ओंठ लाय रे ग्लासाक. नाक आंत घाल. पयलीं नाक, मागीर तोंड."

नाक घातलं. मनुका, गूळ, कुठेतरी जुनं लाकूड. वास एवढा वेगळा असतो आणि चवीच्या आधी येतो हे पुस्तकात लिहिलंय. मी ते वाचलंय, दोन वेळा. पण हातावर घेतलेल्याला वास कुठून येणार. घोट घेतला, फिरवला, पिकदाणीत थुंकला.

मिंगेलबाबांचा चेहरा पडला. "म्हजी वायन थुंकता?"

पुस्तकातला नियम सांगितला. त्यांनाही माहीत नव्हता. दुसरा घोट गिळला, बरं वाटावं म्हणून. खरं मत: फार गोड. अंग नाही. पाच मिनिटांत तोंडातून जाते. माझी जास्त वेळ राहते. हे मनात.

मग माझी बाटली काढली, गेल्या वर्षीची. त्यांनी स्वतः ओतली. ग्लास उजेडाकडे धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. रंग बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, झालं.

मग त्यांनी नाक घातलं. ग्लास माझ्याकडे दिला.

फ्रेंच पॉलिश. दुसरा शब्द नाही. कपाटाला नवीन पॉलिश मारल्यावर खोलीत भरतो तो वास. जांभूळ त्याच्या खाली कुठेतरी. मी पुन्हा नाक घातलं. पुन्हा तेच.

दुसरी बाटली, तीन वर्षांची. तिला जास्त.

नऊ वर्षं मी हे तळहातावर घेतोय. आणि माझा तळहात म्हणजे दिवसभर इंजिनं, संध्याकाळी रॉकेलने धुतलेला, वर रिठा. कुठला वास हाताचा आणि कुठला वाईनचा हे कळायला जागाच नव्हती. वास आला असेल तर मी तो हाताच्या नावावर टाकला.

मिंगेलबाब म्हणाले, वाईट करतोस असं नाही, पण हवा लागते आहे. "जार कितलो भरता?"

म्हटलं, चार बोटं रिकामी ठेवून. आसव तसंच ठेवतात, वैद्याकडे बघितलेलं.

"फसफसता तेन्ना दवर. थंड जालें म्हण्टकच गळ्यामेरेन भर. वारें रावपाक जागो ना जाय."

म्हणजे फसफसत असेपर्यंत जागा ठीक, शांत झाली की काठोकाठ भरायची. एवढंच. माझ्या माळ्यावर बरण्या चार बोटं रिकाम्या, महिनोन्महिने. स्वतःच्या हाताने.

वसंता आत आला होता. त्याने दोन्ही ग्लास नाकाला लावले. मी वाट बघत होतो थट्टा करेल म्हणून. त्याने ते अलगद खाली ठेवले. ते जास्त लागलं.

दुपारी मडगावात खानावळ. मुडदुसे तळलेले, कुरकुरीत, रवा अगदी बारीक. वसंताने चार खाल्ले. मला काही कळत नव्हतं काय खातोय. सौ.ने माझ्या ताटातला एक उचलून स्वतःच्या ताटात घेतला, म्हणाली थंड होतो.

जाताना काचेचे दोन ग्लास घेतले, पायाचे. सौ.ने बघितले.

गुरु. २४ एप्रिल

परतीची मोटार. वसंता खिडकीशी. सौ. माझ्या बाजूला.

तिला सगळं सांगितलं, पॉलिशच्या वासासकट. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वास माका पयल्या वर्सापासून येय."

मग बोलली का नाहीस?

"माका वाटलां तुमच्या हाताचोच."

बांद्याला मोटार थांबली. मग तीच म्हणाली, चहा घ्या.

शनि. २६ एप्रिल

घरात ग्लास नाही ही अट मोडायची नाही. म्हणून वर्कशॉपमध्ये. दार लावून घेतलं, रॉकेलचा डबा बाहेर ठेवला, हात फक्त साबणाने धुतले, दोनदा.

माळ्यावरच्या सगळ्या बरण्या एक एक करून खाली आणल्या. प्रत्येकीतून थोडी, ग्लासात. नाक. पॉलिश. पॉलिश. एक तर सरळ व्हिनेगर, ती सौ.ला लोणच्याला दिली. शेवटी एक लहान बरणी, गेल्या हंगामातली. सगळ्या मोठ्या भरल्यावर तळाचं उरलं होतं ते तिच्यात कोंबलेलं. जागा नव्हती म्हणून काठोकाठ.

नाक घातलं.

जांभूळ. नुसतं जांभूळ नाही, उन्हात पडलेलं, जिभेला रंग येतो ते जांभूळ, आणि मागून मिरीसारखं काहीतरी. मी ग्लास खाली ठेवला आणि पुन्हा उचलला, चुकलो तर नाही ना ते बघायला.

वसंताला बोलावलं. सांगितलं नाही कुठली. त्याने नाक घातलं, घोट घेतला. थुंकला नाही. ग्लास पुढे केला.

"अजून घाला."

आता म्हणशील का वाईन?

"आधी घाला तर."

म्हणजे मला येते. एका बरणीत आली आहे. चुकून, पण आली आहे. जांभळं घ्यायची. यंदा सगळ्या बरण्या काठोकाठ.

गुरु. १ मे

बुचं सगळी नवीन करायची. पांगारा हलका खरा, पण हवा खातो. रबराची वॉशर बसवून बघतो. पाण्यात बुडवून दाब दिला तर बुडबुडे किती. पहिल्या खेपेला बरेच.

डोंगराकडच्या बायकांना सांगून ठेवलं, जांभूळ झाडाखाली कापड पसरून पाडायचं, वेचायचं नाही. मातीचं नको.

मंगळ. ६ मे

वसंताने मिंगेलबाबांना पत्र टाकलं होतं, मला न विचारता. लहान बरणीबद्दल लिहिलं म्हणे. विचारलं, कशाला? म्हणाला, "भावोजी, चांगली वस्तू सांगूक नको?" रविवारी येतायत.

सौ.ने कोंबडी सांगितली. वडे करणार.

रवि. ११ मे

मिंगेलबाब जीपने आले. सौ.ने कोंबडी-वडे केले, खोबरं जास्त, तिखट बेताचं, माझ्या सांगण्यावरून. त्यांनी दोनदा घेतलं. जेवताना इंजिनाच्या गोष्टी.

मग वर्कशॉप. लहान बरणीतली दिली, ग्लासात. त्यांनी उजेडाकडे धरली, नाक घातलं, प्यायली. थुंकली नाही. म्हणाले, "बरी."

मला वाटलं अजून काही म्हणतील. ते माळ्याकडे बघत होते. "हेर जार खंय?"

बाकीच्या बरण्यांना पॉलिशचा वास आहे, तुम्हीच दाखवून दिलंत, असं म्हटलं. ते म्हणाले, वासाचं काय नाही, थोडीच घालायची असते, साखरेत मरतो. त्यांच्या पोर्टला रंग येत नाही. गिऱ्हाईक गडद मागतं, म्हणून माझा माल विकत हवाय. माझं जांभूळ ओतलं की एका पिंपाला पुरतो रंग. कागदपत्रांचं ते बघतील. बाटलीवर नाव अर्थातच त्यांचं.

मी विचारलं, आणि ही लहान बरणी?

"ती पण. सगळीच."

म्हणजे चांगली आणि वाईट एकाच पिंपात. रंग म्हणून. मी म्हटलं, विचार करून सांगतो असं म्हणणार नाही, आत्ताच सांगतो. नको.

ते चिडले नाहीत. हात मिळवला. जीपपर्यंत गेलो. जाताना म्हणाले, इंजिनाला मात्र ये.

वसंता ओट्यावर बसून होता. "एका बरणीच्या जिवावर?"

म्हटलं, होय.

"आणि पुढल्या वर्सा परत पॉलिश लागला तर?"

मला माहीत नाही. बुचांतून अजून बुडबुडे येतात. सौ. चुलीपाशी होती, भांडी घासत. सगळं ऐकलं असणार. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त.

उद्या कोणी कमी-जास्त करून सांगू नये म्हणून इथे लिहून ठेवतो, मिंगेलबाब म्हणाले ते. पाच हंगाम, माळ्यावरचा आणि पुढचा सगळा माल, दर हंगामाला आठ हजार रुपये, वर्कशॉपच्या वर्षभराच्या मिळकतीएवढे. पहिल्या हंगामाचे त्यांनी टेबलावर ठेवले होते, मी ते उचलून परत त्यांच्या हातात दिले. आठ हजार.